जुना ३८६ पुन्हा चालू करताना

पंचवीस-तीस वर्षं माळ्यावर पडलेला कॉम्प्युटर खाली उतरवला की पहिला हात वायरीकडे जातो. 'लावून तर बघू, चालू होतोय का!' एवढं एक सोडून बाकी काहीही करा. ही मशीनं सहसा नुसत्या वयाने मरत नाहीत. बरीचशी मरतात मदरबोर्डवर गळलेल्या बॅटरीने, आणि त्यातून वाचलेली मरतात पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात दिलेल्या २३० व्होल्टने. दुरुस्तीचं बरंचसं काम वीज न लावताच करायचं असतं, आणि त्यात क्रमाला फार महत्त्व आहे.

इथे डोळ्यांसमोर धरलंय ते १९९० ते १९९५च्या सुमाराचं असेंबल केलेलं ३८६ किंवा ४८६ (आतल्या प्रोसेसरवरून पडलेली नावं). मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून कुणीतरी जोडून दिलेलं असायचं ते. अशा मशिनांवर कंपनीचं नाव नसतं, मॅन्युअल हरवलेलं असतं, आणि आतला बोर्ड बहुधा तैवानचा, त्यातही दोन मशिनांत सारखा सापडेलच असं नाही. बोर्डाची ओळख छापील नंबरवरून किंवा बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) चिपवरच्या स्टिकरवरून पटते. 'द रेट्रो वेब' या साइटवर अशा हजारो बोर्डांचे फोटो आणि जंपरचे (सेटिंग बदलायच्या बारक्या पिनांचे) तक्ते आहेत. काम सुरू करण्याआधी तिथे अर्धा तास घालवाच.

लागणारं सामान: मल्टीमीटर, तापमान कमी-जास्त करता येणारी सोल्डरिंग आयर्न, ६०/४० ची सोल्डर वायर, फ्लक्स, डिसोल्डर पंप, वीक (सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी), बारीक कटर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. पातळ इन्सुलेटेड वायर, ३० गेजची मिळाली तर उत्तम.

कॅबिनेट उघडताना

मागच्या बाजूला एसएमपीएसवर (वीजपुरवठ्याच्या डब्यावर) एक लाल स्विच दिसेल, ११५ किंवा २३० लिहिलेला. तो २३० वरच आहे ना, हे आत्ताच बघून घ्या. नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेलं मशीन असेल तर तो ११५ वर असण्याची दाट शक्यता आहे. तशा स्थितीत आपल्याकडच्या सॉकेटला लावलं तर एसएमपीएसमधले मोठे कपॅसिटर फुटतात.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. पुढचं पॉवर बटण हल्लीच्या कॉम्प्युटरसारखं नुसता इशारा देणारं नाही. या एटी (त्या काळच्या रचनेच्या) मशिनांत एसएमपीएसमधून चार वायरींची जाड केबल थेट पुढच्या बटणापर्यंत येते आणि तिच्यात घरातला २३० व्होल्टचा करंट खेळत असतो. बटणामागच्या पट्ट्यांवरची प्लॅस्टिकची टोपी किंवा टेप निघालेली असेल तर ती आधी नीट करा. बटण बंद असलं तरी प्लग लागलेला असताना तिथे हात घालायचा नाही.

मग फोटो काढा. प्रत्येक रिबन केबलची लाल कड कुठल्या बाजूला आहे, कुठलं कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये आहे, पुढच्या पॅनेलच्या बारक्या वायरी कुठे लागल्या आहेत, सगळ्यांचे. टर्बोच्या दिव्याची वायर चुकली तर काही बिघडत नाही, पण रिबन केबल उलटी लागली तर डोकेदुखी होते.

धूळ ब्लोअरने उडवा, पंख्याची पाती बोटाने धरून. कोकणात किंवा मुंबईत राहिलेल्या मशीनमध्ये मुंग्यांचं घर, झुरळांची विष्ठा, पालीची अंडी यांतलं काहीतरी निघणारच. ओल्या फडक्याने पुसू नका. कोरड्या ब्रशने झाडा आणि उरलेलं अल्कोहोलने काढा.

बॅटरी

खरं काम इथे सुरू होतं. कीबोर्डच्या गोल सॉकेटजवळ एक निळा किंवा हिरवा बारका दंडगोल शोधा. ती तीन सेलची निकेल-कॅडमियम बॅटरी, ३.६ व्होल्टची, बहुतेकदा व्हार्टा कंपनीची. मशीन बंद असताना घड्याळ आणि सेटअपच्या नोंदी जिवंत ठेवणं एवढंच तिचं काम. ती गळते तेव्हा पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं, म्हणजे अल्कली. ते तांब्याच्या रेषांवरून बोर्डावरच्या हिरव्या थराच्या आत सरकत जातं. वरून दोन सेंटिमीटरचा डाग दिसत असला तरी खाली चार-पाच सेंटिमीटरपर्यंत पोचलेलं असू शकतं. कीबोर्ड कंट्रोलरची चिप, पहिल्या एक-दोन स्लॉटची टोकं आणि कीबोर्डचं सॉकेट ही ठरलेली शिकार.

बोर्ड कॅबिनेटमधून पूर्ण बाहेर काढा. हातमोजे घाला, कारण कॅडमियम विषारी आहे. बॅटरीचे पाय कटरने कापून ती आधी दूर करा. आयर्न लावून उपटायला जाऊ नका. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या. बॅटरी अजून गळलेली दिसत नसली तरी ती काढायचीच. आज कोरडी दिसते म्हणून पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती तशीच राहील, याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

आता डाग. पुष्कळ जण इथे खाण्याचा सोडा लावतात. तो चुकीचा आहे. सोडा ॲसिडसाठी, उदाहरणार्थ कारच्या बॅटरीसाठी. इथे सांडलंय ते मुळातच अल्कली. त्यामुळे व्हिनेगर. टूथब्रशने थोडं थोडं लावा. फेस आला तर समजायचं, काम चालू आहे. फेस थांबला की डिस्टिल्ड वॉटरने भरपूर धुवा, मग अल्कोहोलने पुसा. व्हिनेगर मागे राहू देऊ नका, तेही तांबं खातं. नळाचं पाणी वापरू नका, वाळल्यावर त्यातले क्षार बोर्डावर राहतात. धुतलेला बोर्ड पंख्याखाली दोन दिवस ठेवा. ऐन जुलैत हे काम काढलं असेल तर चार दिवस.

वाळल्यावर भिंगाखाली बघा. हिरवा थर कुठे फुगलाय, कुठे काळा पडलाय, सोल्डरचे टाके कुठे राखाडी आणि भुरभुरीत झालेत? निरोगी टाका चकचकीत असतो. गंजलेला टाका आयर्न लावली तरी वितळत नाही, वरच्यावर जळल्यासारखा दिसतो. तिथे आयर्नचं तापमान वाढवत बसलात तर पॅड उचकटून येईल. ब्लेडच्या टोकाने वरचा थर खरवडा, फ्लक्स लावा, नवी सोल्डर मिसळा. जुनी तिच्यात विरघळते, मग पंपाने दोन्ही ओढून घ्या. बॅटरीची निगेटिव्ह बाजू आतल्या ग्राउंडच्या पूर्ण पत्र्याला जोडलेली असते, ती उष्णता शोषून घेते. तिथे आयर्न जरा जास्त वेळ धरावी लागते, घाई उपयोगाची नाही.

काळ्या पडलेल्या रेषांवरचा हिरवा थर हलक्या हाताने खरवडून तांबं उघडं करा. तांबं लालसर चमकलं की त्यावर सोल्डरचा पातळ मुलामा द्या. काळं पडून बोटाखाली चुरा होत असेल तर ती रेष गेलीच. मग मल्टीमीटर बीपवर लावा आणि प्रत्येक रेष एका छिद्रापासून दुसऱ्या छिद्रापर्यंत तपासा. हे कंटाळवाणं काम आहे आणि याला शॉर्टकट नाही. कागदावर रेषांचा कच्चा नकाशा काढा, बीप वाजली की खूण करा. जिथे वाजली नाही तिथे पातळ वायर टाकायची, रेष तुटलेल्या जागी नव्हे, तर तिच्या दोन्ही टोकांच्या चांगल्या टाक्यांवर. शेजारच्या दोन रेषा एकमेकींना चिकटल्यात का तेही बघा. वाळलेला गंज थोडा वाहकही असतो. सगळं जमलं की उघड्या तांब्यावर अतिनील प्रकाशात सुकणारा हिरवा सोल्डर मास्क लावा. तो नसेल तर पारदर्शक नेलपॉलिशने भागतं.

कीबोर्ड कंट्रोलर बहुतेकदा सॉकेटमध्ये बसवलेली चाळीस पायांची चिप असते. ती उचला आणि सॉकेटच्या आत बघा. पट्ट्या हिरव्या झाल्या असतील तर सॉकेट बदलणंच बरं. कितीही घासलं तरी महिन्याभराने ते पुन्हा त्रास देतं.

नवी बॅटरी लगेच लावायची गरज नाही. बोर्ड जिवंत आहे की नाही हे तिच्याशिवायही कळतं. लावाल तेव्हा जुन्या जागी साधी सीआर२०३२ टाकू नका. त्या जागी चार्जिंगचं सर्किट आहे आणि ही लिथियमची बटणबॅटरी चार्ज करायची नसते. ती फुगते, फुटते. बऱ्याच बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांची वेगळी जागा असते. तिथे तीन पेन्सिल सेलचा डबा लावा आणि डबा कॅबिनेटच्या पत्र्याला चिकटवा, म्हणजे तो गळला तरी बोर्डापासून लांब. पिनांची दिशा मॅन्युअलवरून, नाहीतर मल्टीमीटरने ग्राउंड शोधून ठरवा. ती जागाच नसेल तर बॅटरीच्या पॉझिटिव्ह बाजूला १एन५८१७ सारखा डायोड टाकला की उलटा करंट जात नाही.

एसएमपीएस एकटाच

मदरबोर्डला लागणारे दोन प्लग, पी८ आणि पी९, सोडवा. बाकी सगळंही सोडवा. एसएमपीएस आतून साफ करायचा असेल तर ध्यानात ठेवा: प्लग काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट शिल्लक असू शकतात. वीज-दुरुस्तीचा सराव नसेल तर डबा उघडू नका, ते काम टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे सोपवा. त्यांच्यातले जुने लोक हे डोळे मिटून करतात.

जुन्या एसएमपीएसला भार नसेल तर तो चालूच होत नाही किंवा उलटसुलट व्होल्टेज दाखवतो. मोटरसायकलच्या इंडिकेटरचे बारा व्होल्टचे दोन बल्ब घ्या. एक लाल आणि काळ्या वायरीमध्ये, एक पिवळ्या आणि काळ्यामध्ये लावा. मग एसएमपीएसला सिरीज बोर्डातून वीज द्या, १०० वॅटचा तारेचा बल्ब घालून. एलईडी चालणार नाही. हा सिरीजमधला बल्ब एकदा लखकन पेटून मंद झाला तर ठीक. पूर्ण पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

सगळं ठीक वाटलं तर सिरीज बल्ब काढून मोजमाप घ्या. लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५, पिवळीवर ११.४ ते १२.६, निळीवर उणे बाराच्या आसपास, पांढरीवर उणे पाचच्या आसपास. पी८च्या टोकाची नारिंगी वायर म्हणजे 'पॉवर गुड'. चालू केल्यावर क्षणभराने तिथे पाच व्होल्ट यायला हवेत. ते आले नाहीत तर बोर्ड कितीही धडधाकट असला तरी रीसेटमध्येच अडकून राहील.

एसएमपीएस गेलाच असेल तर त्याच्यामागे लागू नका असं माझं स्पष्ट मत आहे. एटीएक्सवरून (एटीनंतर आलेल्या रचनेवरून) एटीला जोडणारी केबल मिळते. चांगला एटीएक्स एसएमपीएस तिच्यासह लावला तर मशीन जास्त सुरक्षित राहतं. नव्या एटीएक्समध्ये उणे पाच व्होल्ट नसतात, पण ते काही जुन्या साउंड कार्डांखेरीज सहसा कुणाला लागत नाहीत.

बोर्डावर शॉर्ट आहे का?

वीज न देता बोर्डाच्या पॉवर कनेक्टरवर रेझिस्टन्स मोजा: पाच, बारा, उणे बारा, उणे पाच, प्रत्येकाचा ग्राउंडशी. पाच व्होल्टच्या रेषेवर दहा-वीस ओहम दिसले तर घाबरू नका, तेवढे असतात. एक-दोन ओहम दिसले, किंवा बारा व्होल्टच्या रेषेवर बीपच वाजली, तर बहुधा टँटलम कपॅसिटर शॉर्ट झालेला आहे. वाटाण्याएवढा, पिवळा किंवा निळा थेंब. हे कपॅसिटर अनेक वर्षांनी पहिल्यांदा वीज मिळाली की मोठा आवाज करून ठिणगीसह फुटतात, म्हणून पहिल्यांदा चालू करताना चष्मा घाला आणि तोंड बोर्डावर आणू नका.

आधी सगळी कार्डं काढून पुन्हा मोजा. दोष कार्डावर असू शकतो. बोर्डावरच असेल तर त्या रेषेवरच्या टँटलमचा एकेक पाय सोडवत जा, बीप थांबली की गुन्हेगार सापडला. बदलताना व्होल्टेजची क्षमता वाढवा: बारा व्होल्टच्या रेषेवर १६ऐवजी २५ व्होल्टचा. आणि दिशा! टँटलमवरची पट्टी किंवा खूण प्लसची असते, ॲल्युमिनियमच्या डबी-कपॅसिटरवरची पट्टी मायनसची. इथे हमखास घोटाळा होतो.

पहिल्यांदा वीज

बोर्ड कॅबिनेटबाहेर, लाकडी टेबलावर, पुठ्ठ्यावर ठेवा. फक्त प्रोसेसर, एक बँक (एकत्र लागणाऱ्या पट्ट्यांचा एक संच) रॅम, व्हीजीए (पडद्याचं) कार्ड आणि स्पीकर. ३८६ डीएक्स आणि ४८६ वर तीस पिनांच्या रॅमच्या पट्ट्या चाराच्या पटीत लागतात, २८६ आणि ३८६ एसएक्सवर दोनाच्या. एक पट्टी लावून 'चालत नाही' म्हणणारे बरेच जण भेटतात.

कार्डांच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या, मऊ खोडरबराने हलक्या पुसा, वर अल्कोहोल फिरवा. शाई खोडायचं खरखरीत रबर वापरू नका, सोन्याचा मुलामा निघून जातो. सॉकेटमधल्या चिपा वर्षानुवर्षांच्या गरम-थंडीने वर सरकतात. अंगठ्याने एकेक दाबून बसवा. बायोसच्या चिपवरचं स्टिकर मात्र काढू नका, त्याखाली काचेची खिडकी असते आणि उजेड आत गेला तर कालांतराने आतला मजकूर पुसला जातो. प्रोग्रामर असेल तर त्या चिपची प्रत आत्ताच काढून ठेवा.

पी८ आणि पी९ लावताना काळ्या वायरी मध्ये, एकमेकींशेजारी. उलटे लागले तर बोर्ड जातो. आता बटण दाबा.

स्पीकरवर लक्ष ठेवा. एएमआय कंपनीच्या बायोसमध्ये एक ते तीन बीप म्हणजे रॅमचा प्रश्न, आठ म्हणजे डिस्प्लेची मेमरी, आणि सहा म्हणजे कीबोर्ड कंट्रोलर. सहा वाजल्या की परत बॅटरीच्या डागाकडे जा, एखादी रेष राहिली आहे. आवाजच नसेल तर पोस्ट कार्ड लावा. ते मशीन सुरू होतानाची प्रत्येक पायरी दोन आकड्यांत दाखवतं. आकडे बदलतच नसतील तर प्रोसेसर कामालाच लागलेला नाही: क्लॉक, रीसेट, बायोस या क्रमाने बघा. एका बाजूला आयएसए आणि दुसऱ्या बाजूला पीसीआय (स्लॉटचे जुना आणि नवा प्रकार) अशी स्वस्तातली जोडकार्डं मिळतात. ती उलटी बसतात आणि उलटी बसली की जळतात. घालण्याआधी ग्राउंडची पट्टी कुठली ते जुळवा.

पडद्यावर रॅम मोजली जाताना दिसली, पण कीबोर्ड मेलेला असेल, तर गोल सॉकेटमध्ये पाच व्होल्ट येतात का ते पाहा. सॉकेटजवळ रेझिस्टरसारखा दिसणारा फ्यूज असतो, बऱ्याचदा तोच उडालेला असतो. पीएस/२ कीबोर्ड साध्या कन्व्हर्टरने चालतो, यूएसबीचा नाही.

जुना मॉनिटर मात्र उघडू नका. नळीच्या मागे हजारो व्होल्ट असतात. व्हीजीए असलेला कुठलाही एलसीडी या कामाला पुरतो.

सेटअप आणि डिस्क

बॅटरी नसल्याने सेटअप रिकामा असतो. डिस्कच्या जागी ४७ क्रमांकाचा प्रकार निवडून सिलिंडर, हेड आणि सेक्टर हातानेच भरावे लागतात. आकडे डिस्कच्या स्टिकरवर असतात. ते नीट उतरवून घ्या. चुकीच्या आकड्यांवर लिहायला गेलात तर जुना डेटा मातीमोल होतो.

डिस्क फिरली तर दुसरं काही करण्याआधी आतलं सगळं बाहेर काढा. ती उद्या फिरेलच असं नाही. त्या काळातल्या बऱ्याच डिस्क यूएसबीच्या कन्व्हर्टरवर दिसत नाहीत, कारण कन्व्हर्टरला लागणारी एलबीए (सेक्टरना सलग क्रमांक देण्याची) पद्धत त्यांना येत नाही. त्या निकामी आहेत असं समजू नका. त्याच मशीनवरून पॅरलल पोर्टच्या लॅपलिंक केबलने, एमएस-डॉस ६ मधल्या इंटरलिंकने, दुसऱ्या जुन्या मशीनवर कॉपी करता येते. रोजच्या वापरासाठी डिस्कच्या आयडीई केबलला अडॅप्टरने कॉम्पॅक्ट फ्लॅश मेमरी कार्ड लावा. या बायोसना फक्त ५०४ एमबीपर्यंतच दिसतं, त्यामुळे मोठ्या कार्डावर पैसे घालवू नका.

फ्लॉपी उजेडात धरून बघा. चकतीवर पांढरे ठिपके असतील तर ती बुरशी आहे. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर हेड घाण होतं आणि पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडते. ड्राइव्हचं हेड अल्कोहोलच्या कापसाने पुसा, रुळांवरचं वाळलेलं ग्रीस काढून नवं पातळ ग्रीस लावा.

पिवळं पडलेलं कॅबिनेट पांढरं करायला लोक हायड्रोजन पेरॉक्साइडची क्रीम फासून उन्हात ठेवतात. होतं पांढरं, पण पट्टे उठतात, एप्रिलच्या उन्हात प्लॅस्टिक वाकू शकतं आणि पिवळेपणा परत येतो. मी ते तसंच ठेवतो. साबणाच्या पाण्याने धुणं पुरतं.

मराठी फाइली असतील तर

सरकारी कार्यालय, छापखाना किंवा साप्ताहिकाच्या कचेरीतून आलेलं मशीन असेल तर आतली कार्डं नीट बघा. एखाद्या स्लॉटमध्ये जिस्ट कार्ड असू शकतं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं हे काम पुढे पुण्याच्या सी-डॅककडे आलं, आणि या कार्डामुळे डॉसमधल्या साध्या प्रोग्रामांत देवनागरी दिसू आणि टाइप होऊ लागली. कार्ड सापडलं तर त्याच्यासोबतच्या फ्लॉपी आणि कागदही शोधा, त्यांच्याशिवाय ते चालवणं अवघड आहे. काढताना जंपरचा फोटो घ्या.

जिस्ट कार्ड असलेल्या मशीनवरचा मराठी मजकूर इस्की या संकेतप्रणालीत असतो. १९९१ मध्ये ती भारतीय मानक म्हणून ठरली. नोटपॅडमध्ये उघडली तर फाइल विचित्र चिन्हांनी भरलेली दिसते. ती खराब झालेली नसते. इस्कीतून युनिकोडमध्ये रूपांतर करता येतं. विंडोजमधल्या श्रीलिपी वगैरे फॉन्टवर केलेल्या फाइलींचं वेगळं आहे. त्यांत अक्षर नसून त्या त्या फॉन्टमधल्या आकृतीचा नंबर साठवलेला असतो, त्यामुळे कुठला फॉन्ट होता हे माहीत असल्याखेरीज मजकूर सुटत नाही. म्हणून डेटा काढताना विंडोजचं फॉन्ट्सचं फोल्डरही पूर्ण कॉपी करून घ्या, आणि मूळ फाइल न बदलता तिच्या प्रतीवरच रूपांतर करून बघा.